विश्लेषण : मोबाइलच्या ब्राउजरला श्रुती दिसते का? अब्दुल करीम खाँ यांचा गळा कसा मोजला गेला?

औंधमध्ये पंडित अंतूबुवा जोशी यांनी १९४० मध्ये सुरू केलेला संगीत महोत्सव आजही भरतो. यमाईच्या डोंगराखालच्या या गावात ग्वाल्हेर गायकी रुजली ती अंतूबुवा आणि त्यांचे चिरंजीव गजाननबुवा यांच्यामुळे. गाणे शिकणाऱ्या आजच्या पिढीच्या हातात मात्र अंतूबुवांच्या काळात नसलेली एक सोय आहे. मोबाइलवर ब्राउजर उघडायचा, माइकला परवानगी द्यायची आणि ‘सा’ लावायचा. पडद्यावर रेषा धावू लागते. स्वर चढला की रेषा वर, उतरला की खाली. वेगळे ॲप डाउनलोड करावे लागत नाही.

गाणाऱ्याचा स्वर नेमका कुठे लागला हे डोळ्यांना दिसावे, ही हौस मोबाइलच्या फार आधीची आहे. औंधच्या एका अंगाला सातारा, दुसऱ्या अंगाला सांगली-मिरज. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच पट्ट्यात एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर आणि एक इंग्रज न्यायाधीश श्रुतींच्या मागे लागले होते. त्यांनी ज्यांचा गळा मोजायला घेतला ते होते उस्ताद अब्दुल करीम खाँ, किराणा घराण्याचे प्रवर्तक. त्या खटपटीतून बावीस श्रुतींचा तक्ता निघाला, एक खास पेटी तयार झाली आणि मोठा वाद पेटला. वादात नावे गाजली ती मोजणाऱ्यांची. ज्यांच्या गळ्यावर ही मोजणी उभी होती, त्यांची गोष्ट त्यामानाने मागे राहिली.

खाँसाहेब मिरजेचे कसे झाले?

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. घराण्याचे ‘किराणा’ हे नाव या गावावरूनच आले; वाण्याच्या दुकानाशी त्याचा काही संबंध नाही. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे तालीम झाली. सारंगी, बीन आणि गाणे हे घरातच होते. तरुणपणी भाऊ अब्दुल हक यांच्यासह दरबारांतून गात ते बडोद्याला पोहोचले आणि १८९० च्या दशकात सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात गायक म्हणून राहिले.

बडोद्यात त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण मिळाले. सरदार माने यांच्या घराण्यातील ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत होत्या. दोघांनी एकत्र राहायचे ठरवले आणि त्यासाठी बडोदे सोडावे लागले. दरबारची नोकरी गेली, मुंबई गाठली आणि पुढे मुक्काम पडला मिरजेला. प्लेगच्या दिवसांत खाँसाहेब आजारी पडले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी सेवा केली आणि बरे झाले, असे मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. १९०५ मध्ये हिराबाईंचा जन्म मिरजेतच झाला. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कमलाबाई बडोदेकर, कृष्णराव माने आणि सरस्वतीबाई राणे ही सगळी ताराबाई आणि खाँसाहेबांची मुले. महाराष्ट्राच्या संगीताचा अर्धा नकाशा एका घरातून निघाला, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

मिरज त्या वेळी गाण्याचे गाव होतेच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी इथे शिष्य घडवले होते. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथेच शिकले आणि १८९६ मध्ये इथूनच बाहेर पडले. औंधचे अंतूबुवाही बाळकृष्णबुवांचेच शिष्य. शिवाय तंबोरे आणि सतारी बनवणारे कारागीर याच गावात. स्वराच्या बाबतीत खाँसाहेब किती काटेकोर होते याच्या कथा आजही ऐकायला मिळतात. तंबोरा जुळल्याशिवाय ते तोंड उघडत नसत. टिपू मियाँ नावाच्या आपल्या कुत्र्यालाही त्यांनी सुरात ओरडायला शिकवले होते, ही त्यांतली सर्वांत लाडकी कथा.

मोजणी झाली कशी?

कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. भरत आणि शार्ङ्गदेवांच्या ग्रंथांत सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत. त्या नेमक्या कुठे आहेत, हे भौतिकशास्त्राच्या मदतीने दाखवायचे असा त्यांनी ध्यास घेतला. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे आयसीएस अधिकारी, साताऱ्याला जिल्हा न्यायाधीश होते. १९११ च्या सुमारास त्यांनी साताऱ्यात ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था उभी केली. देवलांचे ‘द हिंदू म्युझिकल स्केल अँड द ट्वेंटी-टू श्रुतीज’ हे पुस्तक १९१० मध्ये आले, तर क्लेमेंट्स यांचे भारतीय संगीताची ओळख करून देणारे पुस्तक १९१३ मध्ये.

देवलांचे साधन होते सोनोमीटर. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत अनेकांनी तो पाहिला असेल : लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेली तार, तारेखाली सरकती घोडी आणि बाजूला मोजपट्टी. तार जितकी लांब, तितकी कंपने कमी. खाँसाहेबांनी एक स्वर धरून ठेवायचा, मोजणाऱ्याने घोडी सरकवत तारेचा आवाज त्या स्वराशी मिळवायचा आणि मग लांबी टिपायची. लांब्यांच्या गुणोत्तरावरून कंपनांचे गुणोत्तर निघते.

हे किती बारीक मोजता येते? ‘सा’ ९० सेंटीमीटर तारेवर लावला, असे समजू. पंचमासाठी घोडी ६० सेंटीमीटरवर येईल. शुद्ध गांधाराच्या दोन जागा शास्त्रात सांगतात. एक ‘सा’च्या ५/४ पट, दुसरी ८१/६४ पट. पहिल्या गांधाराला तार ७२ सेंटीमीटर लागेल, दुसऱ्याला सुमारे ७१.१. फरक जवळपास ९ मिलिमीटरचा. मोजपट्टीवर तो साध्या डोळ्यांना दिसतो. कान तयार असेल आणि गायकाचा स्वर हलत नसेल, तर ही लाकडी पेटी चांगलेच काम देते.

इथे खाँसाहेबांची निवड किती अचूक होती हे लक्षात येते. त्यांच्या गायकीचा जीवच मुळी स्वर होता. संथ आलाप, एकेक स्वर उलगडत केलेली बढत, तारेसारखा बारीक आणि सरळ आवाज. असा गळा सोनोमीटरला लाभणे ही मोजणाऱ्याची चैनच. दुसरी बाजूही पाहायला हवी. घरातली विद्या घराबाहेर जाऊ द्यायची नाही, हा त्या काळच्या खानदानी गवयांचा शिरस्ता. स्वराच्या गुप्त जागा परक्या माणसांच्या वहीत आकड्यांनी उतरवू देणे ही त्या वातावरणात साधी गोष्ट नव्हती. खाँसाहेबांनी ते केले. पुस्तकांवर लेखक म्हणून नावे देवलांची आणि क्लेमेंट्स यांची लागली. आजच्या भाषेत सांगायचे तर खाँसाहेब ‘डेटासेट’ ठरले.

तेच काम ब्राउजर कसे करतो?

इथे थोडे तांत्रिक बोलावे लागेल. पण सोनोमीटर कळला असेल तर हेही कळेल.

ब्राउजरमध्ये ‘वेब ऑडिओ एपीआय’ नावाची सोय असते. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने तिला जून २०२१ मध्ये अधिकृत मानकाचा दर्जा दिला. क्रोमसारख्या ब्राउजरमध्ये ती त्याआधी दहाएक वर्षे होती. माइकमधून येणारा आवाज मोबाइल सेकंदाला बहुधा ४८,००० वेळा मोजतो. प्रत्येक मोजणीला नमुना म्हणतात. हे नमुने ‘ॲनालायझर नोड’ या भागातून जातात. हा भाग आवाजाला हात लावत नाही, फक्त त्याची नोंद ठेवतो आणि कोणत्या कंपनसंख्येला किती जोर आहे याची यादी देतो. पान ती यादी सेकंदाला साधारण साठ वेळा वाचते आणि पडद्यावर पट्ट्या किंवा रेषा काढते. हे सगळे मोबाइलमध्येच घडते. पान बनवणाऱ्याने मुद्दाम तशी व्यवस्था केली नसेल, तर आवाज इंटरनेटवर कुठे जात नाही.

ही यादी करण्यासाठी नोड एका वेळी ठरावीक नमुने घेतो. काही सांगितले नाही तर २,०४८. ४८,००० ला २,०४८ ने भागले की २३.४ येतात. म्हणजे यादीतला प्रत्येक कप्पा सुमारे २३ हर्ट्झ रुंद असतो. आता देवलांचाच हिशेब घेऊ. त्यांनी ‘सा’ २४० कंपनांचा धरला होता. मग पहिला गांधार ३०० वर आणि दुसरा ३०३.७५ वर. दोन्ही एकाच कप्प्यात पडतात. सोनोमीटरवर ९ मिलिमीटर दिसणारा फरक ब्राउजरच्या नेहमीच्या मांडणीत दिसतच नाही! यूट्यूबवरच्या गाण्यांबरोबर नाचणाऱ्या रंगीत पट्ट्या बघून कुणी श्रुती शोधत असेल, तर त्याने थांबावे हे बरे.

नमुन्यांची संख्या वाढवता येते, ३२,७६८ पर्यंत. मग कप्पा दीड हर्ट्झपेक्षाही अरुंद होतो आणि दोन गांधार वेगळे दिसतात. पण तेवढे नमुने जमा व्हायला ०.६८ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गायक मींड घेऊन पुढच्या स्वरावर पोहोचलेला असतो आणि पडद्यावर सगळ्याचा मिळून एक धुरकट ढग उमटतो. बारीक पाहायचे तर वेळ द्यावा लागतो; झटपट पाहायचे तर बारकावा सोडावा लागतो. यातून सुटका नाही, कारण ही अडचण मोबाइलची नसून गणिताचीच आहे. देवलांनाही ती होती. म्हणून तर खाँसाहेबांना स्वर धरून ठेवावा लागत होता.

सूर दाखवणारी चांगली पाने म्हणून वेगळा मार्ग घेतात. लाट स्वतःशीच ताडून बघायची. किती नमुन्यांनी सरकवली की ती पुन्हा स्वतःवर चपखल बसते, ते शोधायचे. २४० कंपनांचा ‘सा’ दर २०० नमुन्यांनी आपली आवृत्ती पुरी करतो. पहिला गांधार १६० नमुन्यांनी, दुसरा जेमतेम १५८ नमुन्यांनी. दोन नमुन्यांचा फरक संगणकाला सहज कळतो, दोन नमुन्यांच्या मधली जागाही अंदाजाने काढता येते, आणि या सगळ्याला २,०४८ नमुने, म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भागही पुरतो. अट एवढीच की आवाज एकट्याचा हवा. तबला, पेटी आणि गळा एकत्र आले की हे गणित चुकते आणि रेषा मध्येच एक सप्तक वर किंवा खाली उडी मारते.

आणखी एक गंमत. मोबाइल मुळात फोनवर बोलण्यासाठी बनलेला आहे. त्यामुळे माइकचा आवाज पानापर्यंत येण्याआधी प्रतिध्वनी काढून टाकणे, गोंगाट दाबणे आणि आवाजाची पातळी सारखी करणे ही तीन कामे बऱ्याचदा आपोआप होतात. गोंगाट म्हणजे काय, तर सतत एकसारखा चाललेला आवाज. पंखा, गाडीचे इंजिन... आणि तंबोरा! खाँसाहेब ज्याच्याशिवाय गाणे सुरू करत नसत, तोच आवाज मोबाइल कचरा समजून पुसू बघतो. पान लिहिणाऱ्याने या तिन्ही गोष्टी बंद करायला सांगितल्या तरच तंबोरा नीट दिसतो.

तो दिसतो तेव्हा मात्र बघत राहावेसे वाटते. ‘सा’ २४० वर असेल तर ४८०, ७२०, ९६०, १२०० अशी उपस्वरांची शिखरे उभी राहतात. यातले १२०० म्हणजे ३०० ची चौपट. ३०० हा पहिला गांधार. म्हणजे कुणी गांधाराची तार छेडलेली नसताना तो तंबोऱ्यात उमटलेला असतो. जुने लोक त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढली की असे वरचे उपस्वर ठळक होतात. मिरजेचे कारागीर हे काम आजही कानाने करतात. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

मग बावीस श्रुती सापडल्या का?

देवल आणि क्लेमेंट्स यांच्या मते, हो. त्यांच्या गणितावर श्रुतिहार्मोनियम तयार झाली. नेहमीच्या पेटीत सप्तकात बारा स्वर, हिच्यात जास्तीच्या जागा. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा या पेटीवर आणि तिच्यामागच्या आकड्यांवर कडाडून आक्षेप घेतले गेले. पंडित विष्णु नारायण भातखंडे या सिद्धांताचे टीकाकार होते. गवई प्रत्यक्ष गातात ते आणि तक्त्यातले आकडे यांचा मेळ बसत नाही, हा आक्षेपाचा गाभा.

नंतरच्या मोजण्यांनी भातखंड्यांच्या बाजूला बरेच वजन दिले. नाझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्ये यंत्राने मोजले, मार्क लेव्ही यांनी १९८२ मध्ये. दोघांनाही आढळले की एकच कलाकार एकाच रागात एकच स्वर दर वेळी नेमका त्याच जागी लावत नाही. मुंबईच्या एनसीपीएमध्ये १९८० च्या दशकात बर्नार्ड बेल आणि विम व्हान डर मीर यांनी गाण्याची वाट रेषेने दाखवणारे ‘मेलोडिक मूव्हमेंट ॲनालायझर’ हे यंत्र वापरून काम केले. आज मोबाइलवर धावणारी रेषा ही त्याच जातीची. तिच्यात स्वर ठिपक्यासारखा क्वचितच दिसतो. बहुतेक वेळा तो वळण असतो, चढण असते, आंदोलन असते.

म्हणून देवलांचे काम वाया गेले, असे मला वाटत नाही. स्थिर धरलेल्या स्वराबद्दल त्यांनी जे मोजले ते त्या काळच्या साधनांत मोठेच होते. घोटाळा पुढच्या पायरीवर झाला. धरून ठेवलेला स्वर म्हणजेच रागातला स्वर, असे त्यांनी गृहीत धरले. खाँसाहेबांच्या गळ्यात दोन्ही गोष्टी होत्या. सोनोमीटरच्या वाट्याला एकच आली.

खाँसाहेब पुढे कुठे गेले?

ते या वादात अडकून राहिले नाहीत. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. मुलांना जेवण-राहणे देऊन शिकवायचे आणि खर्च मैफलींवर भागवायचा, असा तो संसार होता. रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. बेहरेबुवा, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, पुढे रोशनआरा बेगमही. सवाई गंधर्वांकडून ही वाट गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशींपर्यंत आली. म्हैसूर दरबारात त्यांचे जाणे-येणे होते. कर्नाटक संगीतातली सरगम त्यांनी आपल्या ख्यालात आणली आणि त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रितही केली. उत्तरेकडच्या एखाद्या उस्तादाने असे करणे त्या काळी दुर्मीळच.

घर मात्र टिकले नाही. १९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावे बदलली, आडनावात खाँ राहिले नाही. खाँसाहेब मिरजेला परतले. आपल्याच मुलामुलींचे गाणे लोकांच्या तोंडी होत असताना ते त्यांच्यापासून दूर होते. त्यांच्या आवाजातल्या कारुण्याचा संबंध अनेक जण याच्याशी जोडतात. पण तो आवाज त्याआधीही तसाच होता, त्यामुळे असे सरळ गणित मांडणे मला पटत नाही.

ऑक्टोबर १९३७ मध्ये ते मद्रासकडे दौऱ्यावर होते. तिथून पाँडिचेरीला अरविंद आश्रमात गाण्यासाठी निघाले. वाटेत गाडीतच छातीत दुखू लागले. शिष्यांनी त्यांना सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनवर उतरवले. फलाटावर बिछाना घातला. त्यांनी तंबोरा जुळवून घेतला, प्रार्थना केली आणि तिथेच त्यांचा अंत झाला. तारीख २७ ऑक्टोबर, वय ६४. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी गाणे होते.

त्यांचा गळा आज मोजता येईल का?

काही प्रमाणात. १९०५ च्या सुमारास ग्रामोफोन कंपनीने त्यांचा आवाज पहिल्यांदा घेतला. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, भोंग्यासमोर गावे लागे, त्यामुळे वरचे उपस्वर फारसे उमटलेले नाहीत. १९३० च्या दशकातल्या ओडियन कंपनीच्या तबकड्या विजेवरच्या माइकने घेतलेल्या आहेत. झिंझोटी आणि भैरवीतल्या त्यांच्या प्रसिद्ध ठुमऱ्या या काळातल्या.

या तबकड्या ब्राउजरला ऐकवताना दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एक, तबकडी मुद्रित होताना आणि आज वाजताना फिरण्याचा वेग तंतोतंत सारखा असेलच असे नाही, त्यामुळे पडद्यावर दिसणाऱ्या हर्ट्झच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. वेग बदलला तरी दोन स्वरांमधले गुणोत्तर बदलत नाही. म्हणून आधी ‘सा’ ठरवायचा आणि बाकी सगळे त्याच्या तुलनेत पाहायचे. सप्तकाचे १,२०० भाग पाडले, तर पहिला गांधार ३८६ वर येतो आणि दुसरा ४०८ वर. दुसरी गोष्ट, साथीला पेटी आहे. आजच्या ठरीव जुळणीच्या पेटीत गांधार या दोन्हींच्या मध्ये, ४०० वर असतो. श्रुतींसाठी ज्यांचा गळा मोजला गेला, त्या खाँसाहेबांच्या मागे बारा स्वरांचीच पेटी वाजते आहे. रेषा पाहताना गळा कोणता आणि पेटी कोणती, हे पानाला नेहमी ओळखता येत नाही. तिथे रेकॉर्ड थांबवून, मागे नेऊन, पुन्हा कानानेच ऐकावे लागते.